बुडता बुडता वाचल्यानंतर

डिसेंबर उजाडला की पिंपळगाव बसवंतसारख्या गावातल्या शाळांमध्ये सहलीची गडबड सुरू होते. एस.टी. ठरते, पालकांची संमतिपत्रे गोळा होतात आणि गाडी बहुधा कोकणाच्या वाटेला लागते. मुरूडला पोचल्यावर राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून जंजिरा पाहायचा, हा अशा सहलीचा कळस. निफाड तालुक्यातल्या मुलांना पाणी नवे नसते. कादवा नदी, पालखेडचा कालवा, नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय आणि द्राक्षबागांच्या कडेची प्लास्टिक अंथरलेली शेततळी हे सारे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. होडी मात्र बहुतेकांना नवी असते.

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर कनिष्ठ महाविद्यालयाच्या सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली. तीन मुली दगावल्या, बाकीच्यांना बाहेर काढण्यात आले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची होडी उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात सापडून सहा जण मृत्युमुखी पडले.

अशा प्रत्येक बातमीत दोन आकडे असतात. इतके बुडाले आणि इतके वाचले. पहिला आकडा वाचून आपण हळहळतो, दुसरा वाचून सुटकेचा निःश्वास टाकतो आणि वर्तमानपत्राची घडी घालतो. पण नाकातोंडात पाणी जाऊन, शुद्ध हरपून मग वाचलेल्या माणसाचे पुढे काय होते? हा प्रश्न वैद्यकशास्त्राला नीट विचारता यायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. त्या प्रश्नाचा इतिहास शिक्षकांनी माहीत करून घेण्याजोगा आहे, कारण त्यातला शेवटचा अध्याय शाळेच्या वर्गातच घडतो.

तंबाखूचा धूर आणि भाता

अठराव्या शतकातले अॅमस्टरडॅम हे कालव्यांचे शहर. रात्रीच्या अंधारात, धुक्यात कालव्यात पडून माणसे मरत. पाण्यातून काढलेला निश्चेष्ट माणूस मेलाच, असे तोवर धरले जाई. १७६७ साली तेथील काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन केली. माणूस निपचित दिसला तरी प्रयत्न सोडू नका, असे तिचे सांगणे होते. अंग ऊबदार ठेवा, तोंडाने किंवा भात्याने छातीत हवा भरा, असे तिने सुचवले. त्याबरोबरच गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडा, असाही सल्ला दिला! पहिल्या चार वर्षांत दीडशे जणांचे प्राण वाचवल्याचा दावा संस्थेने केला. १७७४ मध्ये लंडनमध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या डॉक्टरांनी त्याच धर्तीवर संस्था काढली. तीच पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून ओळखली गेली.

धुराच्या उपचाराला आपण हसतो, पण त्यामागे एक विचार होता. थंड पडलेल्या शरीराला ऊब आणि चेतना द्यावी, हा तो विचार. १८११ साली बेंजामिन ब्रॉडी यांनी तंबाखूतले द्रव्य हृदयाला घातक असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले आणि हा उपचार मागे पडला. याउलट तोंडाने हवा फुंकण्याची युक्ती अगदी योग्य होती. स्कॉटलंडमधील विल्यम टॉसॅक या शल्यवैद्याने १७३२ साली धुराने गुदमरलेल्या एका खाणकामगाराला तिनेच वाचवले होते. तरीही ही पद्धत पुढे जवळजवळ विसरली गेली. एकाच यादीत योग्य आणि अयोग्य उपचार शेजारी शेजारी होते आणि त्यांत निवड करण्याचे साधन त्या काळी नव्हते. वाचलेल्यांची मोजदाद होत होती, पण कशामुळे वाचले आणि पुढे कसे राहिले, याची नव्हती.

पाठ दाबायची की श्वास फुंकायचा?

एकोणिसाव्या शतकात कृत्रिम श्वसनाच्या हातांनी करायच्या पद्धती निघाल्या. १८५६ मध्ये मार्शल हॉल यांनी माणसाला पालथे घालून कुशीवर वळवण्याची, तर १८५८ मध्ये सिल्व्हेस्टर यांनी उताणे ठेवून हात डोक्यामागे नेण्याची पद्धत सांगितली. १९०३ साली शेफर यांनी पालथे घालून पाठीवर तालात दाब देण्याची पद्धत मांडली. ती शिकायला सोपी होती, म्हणून जगभर पसरली.

मराठी माणसाच्या स्मरणातली सर्वांत मोठी जलदुर्घटना याच काळातली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ही आगबोट मोठी होती, आपल्या विषयातली लहान होडी नव्हे. पण त्या दिवशी किनाऱ्यावर एखादा प्रथमोपचार शिकलेला माणूस असता, तर त्याच्या हाती पाठ दाबण्यापलीकडे काय होते, याचा विचार करण्याजोगा आहे. कारण त्यानंतर दहाच वर्षांत ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी असल्याचे सिद्ध झाले.

जेम्स एलम या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ साली दाखवले की आपण सोडलेल्या उच्छ्वासात दुसऱ्याला जगवण्याइतका प्राणवायू असतो. हे गणित विद्यार्थ्यांनाही करता येईल. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासात १६ ते १७ टक्के उरतो, म्हणजे आपण पाचातला जेमतेम एक भाग वापरतो. पुढे १९५७-५८ मध्ये बाल्टिमोर येथे पीटर साफार यांनी धाडसी प्रयोग केले. काही स्वयंसेवकांना औषधाने झोपवून त्यांचे स्नायू शिथिल केले आणि प्रत्येक पद्धतीने छातीत किती हवा जाते ते मोजले. पालथ्या माणसाची पाठ दाबून हवा फारशी आत जातच नव्हती, कारण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो. मान मागे झुकवून हनुवटी वर उचलली आणि तोंडाने श्वास दिला की छाती स्पष्ट फुगत असे. १९६० मध्ये काऊवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर दाब देऊन रक्त खेळते ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. या दोन्ही रीती एकत्र येऊन आजची जीवरक्षणाची पद्धत बनली. ती शिकवण्यासाठी लागणारी बाहुली नॉर्वेचे खेळणी बनवणारे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी तयार केली. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा बुडता बुडता वाचला होता.

आपल्याकडे अजूनही पाण्यातून काढलेल्या मुलाला पाय धरून उलटे टांगतात, गरगर फिरवतात किंवा पोट दाबून ‘पाणी काढतात’. पोटातले पाणी काढल्याने श्वास मिळत नाही. उलट पोटातले अन्न घशात येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. पोटाला झटके देण्याची कल्पना अमेरिकेतही काही काळ गाजली होती, पण १९९४ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बुडालेल्यांसाठी ती अमान्य केली.

अर्धा कप पाणी

माणूस बुडतो म्हणजे त्याच्या फुप्फुसांत बादलीभर पाणी भरते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात गटांगळ्या खाणारा माणूस आधी श्वास रोखून धरतो. हे फार तर मिनिटभर जमते. मग न राहवून श्वास घेतला जातो, थोडे पाणी घशात शिरते आणि स्वरयंत्र आकसून दार बंद करते. रक्तातला प्राणवायू घटत जातो आणि शुद्ध हरपते. हृदय आधी वेगाने धडधडते, मग मंदावते आणि शेवटी थांबते. हे सारे काही मिनिटांत घडते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून सांगितले की गोड्या पाण्याने रक्त पातळ होते आणि खाऱ्या पाण्याने दाट होते. पाठ्यपुस्तकांत हा भेद बरीच वर्षे शिकवला गेला. १९६० च्या दशकात जेरोम मोडेल यांनी माणसांची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांच्या फुप्फुसांत गेलेले पाणी रक्तावर असा परिणाम करण्याइतके नसतेच, असे आढळले. शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते ३ मिलिलिटर पाणीसुद्धा प्राणवायूची देवघेव बिघडवायला पुरते. चाळीस किलोच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे पाणी ४० ते १२० मिलिलिटर, म्हणजे फार तर अर्धा-पाऊण कप भरेल.

इतक्याशा पाण्याने एवढे का बिघडावे? आपल्या वायुकोशांना आतून एका द्रवाचा पातळ थर असतो. तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहीत. या द्रव्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याचा उलगडा १९५५ ते १९५९ या काळात पॅटल, क्लेमेंट्स आणि मेरी एलन एव्हरी यांच्या कामातून झाला. त्याची कल्पना वर्गात देता येते. दोन ओल्या काचपट्ट्या एकमेकींवर ठेवून उचलून सोडवायला सांगा. मग साबणाचे पाणी लावून तेच करून पाहा. पाणी फुप्फुसात शिरले की हा थर धुतला जातो किंवा निकामी होतो आणि वायुकोश मिटू लागतात. गोडे असो वा खारे, फुप्फुसाला झळ सारखीच बसते.

म्हणूनच पाण्यातून काढल्यावर ‘आता बरा आहे’ असे वाटणाऱ्या मुलालाही खोकला, धाप, मळमळ किंवा सुस्ती असेल तर दवाखान्यात नेलेच पाहिजे. त्याला काही तास नजरेखाली ठेवावे लागते. फुप्फुसाचा बिघाड वाढायचा असेल तर तो सामान्यतः पहिल्या आठएक तासांत दिसू लागतो. पूर्ण ठणठणीत असलेले मूल आठवड्याने अचानक ‘कोरडे बुडून’ दगावते, या गोष्टीला मात्र आधार नाही.

पुढच्या काळाचे काय? फुप्फुसांच्या बाबतीत बातमी बरीच चांगली आहे. त्यांची भरून येण्याची शक्ती मोठी असते आणि बहुतेकांचे फुप्फुस काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत होते. तथापि १९८२ साली अमेरिकेत अशा मुलांच्या एका लहान पाहणीत, वरवर बऱ्या झालेल्या काहींच्या श्वासनलिका चटकन आकसतात, असे आढळले. अशा मुलाला धावताना, थंडीत किंवा धुळीत धाप लागू शकते. तो कवायतीला आळस करत नसतो, हे शिक्षकाला ठाऊक असलेले बरे. गढूळ पाण्यातले जंतू आणि बुरशी हा दुसरा धोका. न्यूमोनिया बहुधा काही दिवसांतच होतो. क्वचित प्रसंगी मात्र चिखलातली एक बुरशी मेंदूपर्यंत पोचून काही आठवड्यांनी गळू निर्माण करते. पाण्यात बुडाल्याची हकीगत पुढच्या डॉक्टरांना सांगायला हवी ती यासाठी.

मेंदूचे घड्याळ

फुप्फुस भरून येते, मेंदूचे तसे नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के वापरतो आणि साठा जवळजवळ ठेवत नाही. रक्तपुरवठा थांबला की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि चार ते सहा मिनिटांत कायमची हानी सुरू होते. सर्व पेशी एकदम मरत नाहीत. स्मृती साठवण्यात मोठा वाटा असलेला हिप्पोकॅम्पस, हालचालींना वळण देणारी मेंदूच्या तळाची केंद्रे आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या काही पेशी सर्वांत नाजूक ठरतात. म्हणून वाचलेला माणूस चालतो, बोलतो, घरच्यांना ओळखतो, पण नवे शिकलेले त्याच्या ध्यानात राहत नाही, एका कामावर चित्त ठरत नाही किंवा हातात पेला धरताना झटके येतात. या झटक्यांचे वर्णन लान्स आणि अॅडम्स यांनी १९६३ साली केले.

येथे थंड पाण्याचा एक विलक्षण अध्याय सांगायला हवा. ११ फेब्रुवारी २०११ रोजी डेन्मार्कमधील प्रेस्टो खाडीत एका शाळेची लांब, अरुंद होडी उलटली. होडीत १३ विद्यार्थी आणि २ शिक्षक होते आणि पाणी होते अवघे २ अंश सेल्सिअस. एका शिक्षकाचा मृत्यू झाला. सात विद्यार्थी हृदय बंद पडलेल्या अवस्थेत सापडले. त्यांच्या शरीराचे तापमान १५.५ ते २०.२ अंशांपर्यंत उतरले होते. रक्त शरीराबाहेर नेऊन त्याला ऊब आणि प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर ठेवून त्यांना सावकाश उबवण्यात आले आणि सातही जण वाचले. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरजच उतरली होती.

ही कथा येथे संपली असती, तर ती चमत्कार म्हणून सांगता आली असती. डॅनिश डॉक्टरांनी मात्र पुढे या मुलांच्या मेंदूची छायाचित्रे काढली, त्यांची स्मृती आणि आकलन तपासले. मुलांना दीर्घ पुनर्वसनातून जावे लागले आणि त्यांच्यात कमीअधिक उणिवा आढळल्या. जीव वाचणे आणि पूर्ववत होणे यांतले अंतर त्यांनी मोजले.

आपल्याकडे तर ही थंडीची सवलतही नाही. कोकणचा समुद्र, उजनी, कादवा किंवा शेततळे यांचे पाणी शरीर थकवण्याइतके गार असते, पण मेंदू झटपट थंड करून वाचवण्याइतके नसते. अशा पाण्याखाली पाच मिनिटांहून कमी काळ राहिलेल्यांचे भवितव्य सामान्यतः चांगले असते. दहा मिनिटांनंतर आशा झपाट्याने मावळते आणि पंचवीस मिनिटांपलीकडे ती जवळजवळ उरत नाही. ही मिनिटे रुग्णवाहिका येण्याआधीच संपतात, म्हणून पुढच्या आयुष्याचा निर्णय बहुधा काठावर उभी असलेली माणसे करतात.

न दिसणारी जखम

तिसरी इजा कोणत्याही यंत्रात दिसत नाही. २१ ऑक्टोबर १९८८ रोजी ग्रीसमधील पिरिअसच्या बंदराबाहेर ‘ज्युपिटर’ हे जहाज दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाले. त्यावर शैक्षणिक सहलीला निघालेले सुमारे चारशे ब्रिटिश विद्यार्थी होते. एक विद्यार्थिनी, एक शिक्षक आणि मदतीला आलेले दोन खलाशी दगावले, बाकी सर्व वाचले. जहाज मोठे होते, तरी आपल्या प्रश्नासाठी ही घटना मोलाची आहे, कारण वाचलेल्या शाळकरी मुलांचा इतका दीर्घ पाठपुरावा क्वचितच झाला आहे.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ विल्यम यूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांनंतर २१७ जणांना पुन्हा गाठले. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांना केव्हा ना केव्हा आघातोत्तर ताणविकार झाला होता. झोपेत दचकणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, पाणी वा बोट यांचा विषयही टाळणे, चिडचिड आणि ‘मी का वाचलो?’ ही टोचणी, अशी त्याची लक्षणे असतात. विकार जडलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जण वर्षभरात सावरले, तर तितक्याच जणांना पाच-आठ वर्षांनीही त्याने सोडले नव्हते. यांतील एका शाळेच्या मुलींच्या परीक्षेतील गुण तपासले, तेव्हा अपघातानंतर ते घसरल्याचे दिसले. अशी मुले घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहतात, त्यामुळे पालक आणि शिक्षक दोघांनाही ‘सारे ठीक आहे’ असे वाटत राहते.

पुन्हा अॅमस्टरडॅम

२००२ साली अॅमस्टरडॅममध्येच बुडण्याविषयीची जागतिक परिषद भरली. जेथे प्रयत्नांची सुरुवात झाली, तेथेच शब्दांची साफसफाई झाली. तोवर मेला तर ‘बुडाला’ आणि वाचला तर ‘बुडता बुडता वाचला’ अशी विभागणी होती. परिषदेने ठरवले की पाण्यामुळे श्वसनात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे, मग शेवट काहीही होवो. शेवट तीन प्रकारचे मानावेत : मृत्यू, इजेसह जगणे आणि इजेविना जगणे. जागतिक आरोग्य संघटनेने ही व्याख्या स्वीकारली आणि २००५ साली ती तिच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडणे टाळण्यासाठी म्हणून जाहीर केला.

शब्दांचा हा बदल वरवर क्षुल्लक वाटतो. पण तीन रकाने आखले की मधला रकाना भरावा लागतो. भारतात बुडून मरणाऱ्यांची सरकारी संख्या दरवर्षी तीस हजारांच्या वर जाते. हा पहिला रकाना झाला. होडी उलटल्याच्या बातमीतला ‘वाचले’ हा आकडा मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांची बेरीज असते आणि ती कोणी फोडून पाहत नाही.

ती फोडण्याचे काम शाळा करू शकते. सहलीआधीचे नियम सोपे आहेत. अंगावर नीट बांधलेले जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडीत पाऊल नाही, ठरल्याहून एकही माणूस जास्त नाही, आणि होडीत उठून एका बाजूला गर्दी नाही. दुर्घटना घडलीच तर बाहेर काढलेल्या मुलाला उताणे ठेवावे, मान मागे झुकवून हनुवटी वर करावी. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. नुसती छाती दाबणे येथे पुरत नाही, कारण बुडालेल्याच्या रक्तात प्राणवायूच उरलेला नसतो. हे कौशल्य वाचून येत नाही, बाहुलीवर सराव करूनच येते. प्रत्येक शाळेतल्या निदान दोन शिक्षकांना ते आलेच पाहिजे.

आणि मूल वाचून वर्गात परत आले की खरे निरीक्षण सुरू होते. त्याला नवी कविता पाठ होते का? फळ्यावरचे उतरवून घेताना ते वाट चुकते का? मैदानावर धाप लागते का? पावसाळ्यात नदीला पूर आला की ते गैरहजर राहते का? पहिल्या महिन्यात, सहा महिन्यांनी आणि वर्षाने या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि उणीव दिसली तर पालकांना विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे पाठवावे. कादवेकाठच्या शेततळ्यातून काढलेले मूल असो वा राजपुरीच्या होडीतून पडलेले, नियम तोच. ‘देव तारी त्याला कोण मारी’ असे म्हणून गाव मोकळे होते. शिक्षकाने मात्र त्या मुलाचे नाव मधल्या रकान्यात आहे की तिसऱ्या, हे वर्षभर पाहत राहावे.